पदपथावरचा संसार

इ. स. १८८१ पासून २०११ पर्यंत आपल्या देशात दर दहा वर्षांनी शिरगणती होत आली. शिरगणतीचे प्रगणक घरोघर जातात, दाराशी उभे राहून माणसे मोजतात आणि प्रत्येकाचे नाव, वय, शिक्षण, व्यवसाय लिहून घेतात. परंतु ज्याला दारच नाही, त्याला मोजावयाचे कसे? अशा लोकांसाठी एक रात्र राखून ठेवलेली असते. २०११ सालच्या शिरगणतीत ती रात्र २८ फेब्रुवारीची होती. पुलांखाली, रेल्वेच्या फलाटांवर, देवळांच्या ओवऱ्यांत, जिन्यांच्या आडोशाला, रस्त्याच्या कडेस टाकलेल्या सिमेंटच्या मोठमोठ्या नळ्यांत निजलेली माणसे त्या रात्री मोजण्यात आली. दिवसा ही माणसे एका जागी सापडत नाहीत, कारण पोटासाठी ती शहरभर पांगलेली असतात. देशात अशी १७ लाख ७० हजारांहून अधिक माणसे आहेत, असे त्या गणतीत दिसून आले.

या माणसांत केवळ भिकारी आणि बैरागीच असतात, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. त्यांत हमाल असतात, बिगारी असतात, कचरा वेचणारे असतात, फुले विकणारे असतात. त्यांतच काही स्त्रिया अशा असतात, की ज्यांच्या कडेवर एक मूल असते, बोटाला दुसरे असते आणि पाठीशी मात्र कोणीही नसते. कोणाचा नवरा अपघातात अगर आजारात दगावलेला असतो. कोणाला नवऱ्याने टाकलेले असते. कोणी रोजच्या मारहाणीला कंटाळून, मुलांना घेऊन, रातोरात घराबाहेर पडलेली असते. सासरचे दार बंद झाले, माहेरी भावाचाच संसार कसाबसा चाललेला, मग तिने जावयाचे कोठे? गावात मजुरी मिळत नाही, आणि शहरात मजुरी मिळते पण जागा मिळत नाही. अशी ती पदपथावर येते. शहरातले लोक त्याला फुटपाथ म्हणतात, आणि तीही तसेच म्हणते.

घर म्हणजे चार भिंती आणि एक छप्पर, असे आपण सहज म्हणून जातो. पण लहान मुलांच्या आईला घर आणखी कितीतरी गोष्टी देत असते, आणि त्या ते इतक्या निमूटपणे देते की ते नसेपर्यंत कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. घराला कडी असते, म्हणून रात्री झोप लागते. घरात फळी असते, म्हणून महिन्याचे धान्य एकदम भरून ठेवता येते. घराला पत्ता असतो, म्हणून शाळेच्या आणि सरकारच्या कागदांवर नाव चढते. शिवाय घरात कोणी मोठे माणूस असले, तर तान्ह्या मुलाला त्याच्यापाशी ठेवून आई कामाला जाऊ शकते. पदपथावर राहणाऱ्या एकट्या आईला यांतले एकही लाभत नाही.

मुंबईसारख्या शहरातील अशा आईचा दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. रस्त्यावर वर्दळ सुरू झाली की तिला अंग धुता येत नाही. म्हणून काळोख असतानाच, दोन दांड्यांना साडी बांधून आडोसा करावयाचा आणि अंगावरच्या लुगड्यानिशीच दोन तांबे पाणी ओतून घ्यावयाचे, असा तिचा नेम असतो. हे पाणीही आयते मिळत नाही. शेजारच्या चाळीतील नळावरून कोणाची मर्जी असेल तर ते आणावयाचे, नाहीतर विकत घ्यावयाचे. सार्वजनिक शौचालयात दर खेपेस पैसे मोजावे लागतात. एकट्या माणसाला त्याचे काही वाटत नाही. पण तीन मुलांच्या आईला दिवसाचा हिशेब करावा लागतो आणि मग मुले गटाराच्या काठावर बसतात. आजाराचा उगम पुष्कळदा तेथेच असतो.

धान्य साठवावयास जागा नाही. साठवलेच तर उंदीर खातात किंवा पावसाने भिजते. म्हणून ती रोजचे रोज आणते. आज पावशेर तांदूळ, बाटलीच्या तळाशी राहील इतके तेल, दोन कांदे आणि चिमूटभर हळद-तिखटाची पुडी. किरकोळीने घेतलेली वस्तू नेहमीच महाग पडते. ज्याच्यापाशी पैसा कमी, त्याच्याकडूनच बाजार जास्त पैसा घेतो, ही गोष्ट विचित्र वाटली तरी खरी आहे. भांडी म्हणजे एक पातेले, एक तवा, दोन ताटल्या. तीही कामाला जाताना गोणपाटात बांधून कोणाच्या तरी दुकानाच्या फळीखाली सरकवावी लागतात, कारण परत येईपर्यंत ती जागेवर राहतील याचा भरवसा नसतो.

रात्रीची कथा वेगळीच. पदपथाच्या कडेपासून मोटारींची चाके हातभर अंतरावरून जातात. झोपेत मूल लोळत रस्त्यावर जाऊ नये म्हणून कित्येक जणी आपल्या पदराचे टोक मुलाच्या पायाला बांधून निजतात. मूल हलले की पदर ओढला जातो आणि आई जागी होते. मोठ्या होत चाललेल्या मुलींच्या आया तर बसूनच रात्र काढतात. दारू पिऊन हिंडणारी माणसे, दटावणारे पहारेकरी, कुत्री, उंदीर यांचे भय त्यांच्या उशाशी असते. म्हणून एकट्या स्त्रिया सहसा एकेकट्या राहत नाहीत. चारपाच जणी जवळजवळ बिऱ्हाडे मांडतात. त्यांचे गाव निराळे, भाषा निराळी, पण "मावशी, जरा पोरीकडे बघा हं," असे म्हणावयास त्यांना एकमेकींचाच आधार असतो, आणि मावशीही "जा ग तू, मी आहे इथे," असे म्हणते.

जून महिना लागला की या संसाराची खरी कसोटी सुरू होते. बांबूवर ओढलेले प्लॅस्टिक वाऱ्याने फाटते. खालून पाणी येते. चूल पेटत नाही. मुलाचे एकुलते एक अंथरूण ओले होते आणि चार चार दिवस वाळत नाही. खोकला, ताप, जुलाब यांची पाळी लागते. पाणी उकळून प्यावे, असे दवाखान्यात सांगतात. ते योग्यच आहे. पण पाणी उकळण्यास जळण लागते, आणि जळण हे पैशाने येते. मूल आजारी पडले की आईची मजुरी बुडते, मजुरी बुडली की औषधाला पैसा राहत नाही. अशा वेळी ती सावकाराकडे जाते.

आता सर्वांत कठीण प्रश्न. आई कामाला गेली की मुलांनी कोठे राहावे?

तिच्यापुढे चारच वाटा असतात. मुलाला बरोबर न्यावे, तर पुष्कळशा घरांतून धुण्याभांड्याच्या बाईने मूल आणलेले चालत नाही. इमारतीच्या कामावर न्यावे, तर तेथे चुना, सिमेंट, विटा आणि खोल खड्डे. शेजारणीवर टाकावे, तर शेजारणीलाही पोट आहे. उरते ती चौथी वाट, आणि बहुतेक जणींना तीच धरावी लागते. थोरल्या मुलीला घरी ठेवावयाचे. घरी म्हणजे अर्थातच त्या पदपथावर. ही थोरली मुलगी पुष्कळदा आठनऊ वर्षांची असते. तिच्या कमरेवर दीड वर्षाचा भाऊ असतो. त्याला भरवावयाचे, निजवावयाचे, रस्त्यापासून आवरावयाचे, सामानावर नजर ठेवावयाची आणि सांजवेळी चूल पेटवून ठेवावयाची, एवढी कामे तिच्याकडे असतात. तिच्या वयाची इतर मुले त्याच पदपथावरून दप्तरे घेऊन शाळेत जाताना तिला दिसतात. त्या मुलीची शाळा बुडण्यात तिच्या आईचा दोष काढणे सोपे आहे. पण आईने दोष टाळावा कसा, हे सांगणारा मात्र सहसा कोणी भेटत नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर १९६९ साली दिल्लीत शोधले गेले. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त राजघाटाजवळ बांधकाम चालू होते. तेथे मजूर स्त्रियांची तान्ही मुले उन्हात आणि धुळीत पडलेली मीरा महादेवन या बाईंनी पाहिली. ते पाहून त्यांनी पुढे जाणे पत्करले नाही. त्यांनी त्याच जागी एक तंबू उभारून त्यात पाळणाघर सुरू केले. बांधकाम संपले की मजूर दुसरीकडे जातात, म्हणून पाळणाघरही त्यांच्यामागून उठून जावे, अशी ही कल्पना होती. त्यामुळे या संस्थेला मोबाइल क्रेशेस, म्हणजे फिरती पाळणाघरे, असे नाव पडले. पुढे मुंबईतही अशी पाळणाघरे निघाली. आई पहिल्या मजल्यावर विटा वाहत असताना तिचे बाळ खाली तंबूत निजलेले असे, आणि त्याची थोरली बहीण त्याच तंबूत पाटीवर अक्षरे गिरवू शकत असे. नुसते तान्हे मूल सांभाळून भागत नाही, त्याला सांभाळणाऱ्या मुलीलाही मोकळे करावे लागते, हे या कामातले मर्म होय.

१९९६ साली बांधकाम मजुरांसाठी केंद्र सरकारने कायदा केला. जेथे पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील, तेथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली असलीच पाहिजे, असे त्यात कलम होते. कलम चांगले होते. पण सकाळी नाक्यावर उभी राहून, ज्या मुकादमाने बोलावले त्याच्यामागून जाणारी बाई क्वचितच पन्नास जणींच्या कामावर असते. तिच्या कामावर चारपाच जणी असतात, आणि तेथे बांबूच्या परांचीलाच झोळी बांधावी लागते.

शाळेच्या वाटेवर आणखी एक अडसर असे. जन्माचा दाखला कोठे आहे? मागील शाळेचा दाखला कोठे आहे? पदपथावर जन्मलेल्या अगर गाव सोडून आलेल्या मुलांपाशी हे कागद बहुधा नसतात. असले तरी पावसात भिजलेले असतात, नाहीतर महापालिकेच्या गाडीत सामानाबरोबर गेलेले असतात. २००९ साली मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. वयाचा पुरावा नाही एवढ्याच कारणावरून कोणत्याही मुलास शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही, असे या कायद्याने ठरवून दिले. महाराष्ट्रात आणखी एक बदल झाला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नाव लिहिताना मुलाच्या नावानंतर आईचे नाव यावे आणि मग वडिलांचे, असा नियम राज्य सरकारने केला. बापाने टाकलेल्या मुलाच्या आईला हे नाव किती मोलाचे वाटत असेल, हे निराळे सांगावयास नको.

एवढे हाल सोसून या स्त्रिया शहराच्या मधोमधच का राहतात, दूर मोकळ्या जागेत का जात नाहीत, असे पुष्कळ जण विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही साधे आहे. काम जेथे आहे, तेथेच त्या राहतात. भायखळा, नागपाडा, माझगाव या भागांत बाजार आहेत, गोद्या जवळ आहेत, लहानमोठे कारखाने होते, आणि धुण्याभांड्याची घरे आहेत. पदपथावरून कामावर पायी जाता येते. भाडे पडत नाही. शिवाय दुपारच्या वेळी धावत येऊन तान्ह्या मुलाला पाजता येते. शहराबाहेर झोपडी फुकट मिळाली, तरी जाण्यायेण्याच्या खर्चात आणि वेळात मजुरीचा मोठा वाटा जातो. मग एकट्या आईने मुलाला पाजावयाचे कधी?

हीच गोष्ट एकदा देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली गेली. १९८१ सालच्या जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात, मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या लोकांना हटवून आपापल्या गावी पाठवून द्यावयाचे, असे राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री बॅ. ए. आर. अंतुले यांनी जाहीर केले. झोपड्या मोडण्यास आरंभही झाला. तेव्हा ओल्गा टेलिस या पत्रकार बाई, पदपथावर राहणारे काही लोक आणि इतर कार्यकर्ते न्यायालयात गेले. खटला चार वर्षे चालला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे पुण्याचे. ११ जुलै १९८५ रोजी ते निवृत्त व्हावयाचे होते, आणि त्याच्या आदल्या दिवशी, १० जुलै रोजी, या खटल्याचा निकाल लागला. घटनेने प्रत्येकास जगण्याचा हक्क दिला आहे. ज्या साधनाने माणूस जगतो ते साधन काढून घेतले, तर जगण्याचा हक्क उरतच नाही. म्हणून उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, असे न्यायालयाने म्हटले. पदपथावरील माणूस कामाच्या जवळ राहतो म्हणूनच त्याचे पोट भरते, ही गोष्ट न्यायालयाने मान्य केली.

परंतु निकालाची दुसरी बाजूही होती. पदपथ हे चालणाऱ्यांसाठी असतात, तेथे घर करण्याचा हक्क कोणासही नाही, रीतसर पूर्वसूचना देऊन आणि म्हणणे ऐकून घेऊन महापालिका झोपड्या हटवू शकते, असेही न्यायालयाने सांगितले. मात्र पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत, कोणालाही हटवू नये, अशी मुदत दिली. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल फार मोठा मानला जातो, आणि तो मोठा आहेही. पण भायखळ्याच्या पदपथावर मुले घेऊन बसलेल्या आईला त्यातून हाती लागले ते चार महिने.

या स्त्रियांत १९८४ सालापासून एक संस्था काम करू लागली होती. तिचे नाव स्पार्क. शीला पटेल व त्यांच्या सहकारी बायका भायखळ्यातील एका गॅरेजात बसत आणि पदपथावरील स्त्रियांशी बोलत. त्या काही देण्यास आल्या नव्हत्या, प्रथम ऐकण्यास आल्या होत्या. तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट समोर आली. ज्यांना हटवावयाचे ती माणसे किती आहेत, कोठून आली आहेत, काय करतात, याची नीट नोंद कोणापाशीच नव्हती. मग १९८५ साली या लोकांचीच मदत घेऊन पाहणी करण्यात आली. सुमारे ६००० कुटुंबे आणि २७००० माणसे नोंदली गेली. कोणी महाराष्ट्राच्या दुष्काळी जिल्ह्यांतून आलेले होते, कोणी बिहार, आंध्र, तामिळनाडू अशा दूरच्या प्रांतांतून. या पाहणीच्या अहवालास 'आम्ही अदृश्य माणसे' अशा अर्थाचे नाव देण्यात आले होते.

पुढच्याच वर्षी, १९८६ साली, भायखळ्याच्या पदपथांवरील सुमारे ५०० बायकांनी आपले मंडळ काढले. त्याचे नाव महिला मिलन. मंडळाचे पहिले काम बचतीचे. रोज एक बाई झोपडी-झोपडीत जाऊन रुपया, दोन रुपये, ज्याला जे जमेल ते गोळा करी. पैसा जवळ ठेवावा तर चोरीस जाई, आणि बँकेत ठेवावा तर पत्ता हवा. म्हणून हा मार्ग. पण बहुतेक बायकांना लिहितावाचता येत नव्हते, मग हिशेब ठेवावा कसा? त्यांनी रंगीत कागदांचे तुकडे केले. प्रत्येक रकमेला एकेक रंग ठरवला. जितके पैसे भरले, तितके त्या त्या रंगाचे तुकडे प्रत्येकीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जमू लागले. पिशवी उलटी केली की कोणासही न विचारता आपला शिल्लक पैसा समजे. पहिली इयत्ताही न शिकलेल्या बायकांनी काढलेली ही खतावणी पुष्कळ शिकलेल्यांना सुचली नसती. मूल आजारी पडले, घरात दाणा नाही, गावी अचानक जावयाचे आहे, अशा वेळी या पैशातून लगेच कर्ज मिळू लागले. सावकाराचे दार त्या प्रमाणात कमी वेळा ठोठावावे लागे.

महापालिकेची गाडी येत असे, तेव्हाही त्यांनी एक युक्ती शोधली. पूर्वी माणसे येत, झोपडी मोडत आणि बांबू, पत्रे, भांडी सारे गाडीत घालून नेत. ती पुन्हा विकत घेण्यात महिनेच्या महिने जात. आता बायका एकत्र येऊन अधिकाऱ्यांशी बोलू लागल्या. आमच्या झोपड्या आम्हीच सोडवतो, सामान मात्र आमचे आम्हाला राहू द्या, असे त्यांचे म्हणणे असे. झोपडी उतरे, पण बांबू आणि भांडी वाचत. गाडी गेली की संध्याकाळपर्यंत चूल पुन्हा त्याच जागी पेटत असे.

नंतर त्यांनी घराचा विचार सुरू केला. पदपथावरच्या बायकांनी घराचा आराखडा काढावा, हे ऐकून हसणारे काही कमी नसतील. त्यांच्यापाशी ना टेप होती ना नकाशा. पण साडीची लांबी त्यांना पाठ होती. साडी पसरून त्यांनी लांबी-रुंदी मोजली आणि खऱ्या आकाराचे नमुना घर उभे करून ते लोकांना पाहावयास ठेवले. त्यात त्यांनी एक गोष्ट आग्रहाने मागितली. घराची उंची नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे चौदा फूट असावी. जमीन लहान असली तरी उंची असली की पोटमाळा घालता येतो. खाली चूल, पाणी, येणेजाणे राहते, आणि वर मुले निजू शकतात, अभ्यास करू शकतात. मोठ्या मुलीला कपडे बदलण्यास आडोसा मिळतो. वर्षानुवर्षे काळोखात उठून अंग धुतलेल्या स्त्रियांना आडोशाची किंमत कोणी शिकवावी लागली नाही.

घर मात्र लगेच मिळाले नाही. १९९५ साली, म्हणजे न्यायालयाच्या निकालानंतर दहा वर्षांनी, झोपडपट्टीवासीयांच्या पुनर्वसनाच्या योजनेत पदपथवासीयांनाही जागा मिळाली. त्यानंतर पक्क्या इमारती उभ्या राहण्यात आणखी काही वर्षे गेली. ज्या तान्ह्या मुलांना घेऊन आया पहिल्या सभांना बसल्या होत्या, ती मुले तोवर मिसरूड फुटण्याच्या वयाला आली. बेघरांसाठी रात्रीचे निवारे बांधावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सर्व राज्यांना बजावले. २०१३ च्या केंद्रीय योजनेत, शहराच्या दर एक लाख वस्तीमागे निदान शंभर माणसांचा एक निवारा असावा, असे प्रमाण ठरले. निवारा ही रात्रीपुरती सोय. ती हवीच. पण काही ठिकाणी स्त्रियांच्या निवाऱ्यात वयात येऊ लागलेल्या मुलग्यास ठेवून घेत नाहीत. मग आईला मुलाला सोडून आत जाणे किंवा त्याच्याबरोबर बाहेर राहणे, यांतून निवड करावी लागते. बहुतेक आया कोणती निवड करतात, ते सांगण्याची जरुरी नाही.

भायखळ्याच्या पदपथांवरील काही कुटुंबांना मानखुर्द येथे जागा मिळाली. त्या वसाहतीला मिलन नगर असे नाव देण्यात आले. तेथे दाराला कडी आहे, नळ आहे, पत्ता आहे. कामे मात्र पुष्कळ जणींची भायखळ्याकडेच राहिली. मानखुर्द हार्बर मार्गावर आहे आणि भायखळा मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर, त्यामुळे जावयाचे तर कुर्ल्यास गाडी बदलावी लागते. ज्या वाटेला पूर्वी पायी काही मिनिटे लागत, त्या वाटेला आता तिकीट लागते आणि तास लागतो. दुपारी धावत येऊन मुलाला पाजणे तर आता शक्यच नाही. म्हणून सकाळच्या गाडीला निघण्यापूर्वी आई शेजारच्या दारावर थाप मारते आणि म्हणते, "मावशी, पोरीकडे बघा हं." फरक इतकाच, की मावशी आता दार उघडून बाहेर येते.